एका फेरीपुरतं इंजिन

"आधी तिला आणतो, मग जेवतो," असं म्हणून भागोजींनी पेजेची वाटी सरकवली ती पडवीच्या कडेला जाऊन लवंडली. मांजर आलंच.

सरकवायला त्यांच्याकडे आता डावा हातच काय तो होता. उजवं अंग गेल्या पावसाळ्यात लकव्याच्या वाऱ्याने नेलं. पण उरलेल्या हातात सगळ्या अंगाचा हेका गोळा होऊन बसला होता. परवापासून घोटभर पाण्याखेरीज पोटात काही नव्हतं.

ठकूबाई नुकतीच शिवथरहून उतरली होती. टेंपोतून आणलेलं सामान अजून अंगणातच होतं. ती बापाच्या खाटेशी बसली आणि उत्तर पाठ असूनही विचारलं, "कुणाला आणायची, बाबा?"

"आनंदीला. रुसून बसलीय माहेराला. गाडी काढा."

आनंदीबाईंना जाऊन पाच पावसाळे झाले होते. आईच्या कपाळावर शेवटचं कुंकू ठकूनेच रेखलं होतं, तेही जरा वाकडं. पण वाऱ्याने अंगाबरोबर बाबांची मधली वर्षंही उचलून नेली होती. त्यांच्या लेखी बायको शिवथरला माहेरी होती, आणि एका परीने त्यांचं चुकत नव्हतं. आई जन्मभर तेच करत आली होती. खटका उडाला की पिशवीत दोन लुगडी कोंबायची आणि पोलादपुरातून एसटी धरायची. मग बाबा जीप काढायचे. माफी मागणं त्यांच्या जिभेला जमायचं नाही, म्हणून मामांच्या घराच्या वळणावर भोंगा वाजवायचे. एकदा बाबांना ताप होता म्हणून दुसऱ्याची गाडी पाठवली, तर आईने ती रिकामीच परत पाठवली. "लोकाच्या गाडीत बसून जायला मी काय पावनी हाय?"

तो टोला बाबांच्या डोक्यात पक्का राहिला होता. बाकी सगळं गेलं तरी.

"ताई, मी काय काय नाही केलं," धाकटी भावजय निशिगंधा पेज पुसता पुसता म्हणाली. ती मुंबईत वाढलेली, तिचं बोलणं अजून तिकडचंच. "रिक्षा आणली. शेजारच्या हृतिकची नवीकोरी कार आणली. बघतपण नाहीत. 'ही माझी नाय' म्हणतात आणि तोंड फिरवतात. डॉक्टर बोलले, महाडला आणा, सलाईन लावू. पण आणायचं कसं? उचलून कारमध्ये घालायला गेलो तर ह्यांच्या हाताला चावले."

"चावले?"

"दाखवा ना हो ताईंना."

चांगूने दाखवला नाही. ठकूचा हा धाकटा भाऊ अंगणात फणसाखाली उभा होता, आणि त्याच्या पुढ्यात जीप उभी होती. म्हणजे इंजिन सोडून बाकी सगळी जीप.

ठकू उठून तिच्याभोवती फिरली. दिवाळीला आली होती तेव्हा नुसता सांगाडा होता. महाडची कंपनी बंद पडली आणि चांगू घरी बसला, तेव्हापासून तो या सांगाड्याला लागला होता. एकवीसच्या पुरात जीप अंगणातून तरंगत जाऊन हद्दीच्या दगडी गडग्याला टेकली होती आणि तिथेच वर्षभर कुजली. चांगूने कुजलेला पत्रा कापून टाकला, नवा आणला, ठोकून ठोकून वळवला, जोडला. पण बाबा पडले तसा त्याचा बेतच बदलला. डाव्या अंगाचा दरवाजा त्याने दुप्पट रुंद केला. पायरी पार खाली आणली. टप उंचावला, म्हणजे बाबांना उचलून आत घेताना डोकं आपटायला नको. आणि पुढची सीट? ती महाडच्या एका न्हाव्याच्या खुर्चीवर बसवली होती. पुरानंतर भंगारात निघालेली खुर्ची. खालची कळ दाबली की अख्खी सीट बाहेर अंगणाकडे वळायची. माणसाला बाहेरच बसवा, आणि सीटच आत फिरवा.

"बसून बघ, आक्का."

ठकू बसली. चांगूने कळ दाबून तिला आत फिरवली, पुन्हा बाहेर फिरवली. ठकूला हसू आलं. ती म्हणाली, "दाढी पण करशील काय रे आता?"

"रंग कसा वाटला?"

सायीसारखा पिवळट रंग. पूर्वीची गाडी शेवाळासारखी हिरवी होती. "हिने निवडला," चांगू म्हणाला. "उन्हात तापत नाय."

"आणि इंजिन?"

चांगू दाराची बिजागरी तपासायला लागला. एक इंजिन त्याने घाटावरून आणलं होतं, ते जागेवर बसेना. दुसरं पुरात बुडालेलं, त्याचा ब्लॉकच चिरलेला निघाला. गाडीला बसेल असं इंजिन एकच होतं, तिचं स्वतःचं, आणि त्याचा आवाज आत्ता या घटकेला गडग्यापलीकडून, नदीच्या अंगाने येत होता. धड धड धड. थोरला भाऊ हैबती कलिंगडांना पाणी लावत होता.

"मागितलंस?"

"मी? त्याच्याकडं?" चांगूने मान वर केली. "आक्का, त्यापेक्षा बाबांना पाठीवर घेऊन शिवथरला चालत जाईन."

"ने की मग. तुझ्या पाठीत पण न्हाव्याची खुर्ची बसवून घे."

या घराच्या वाटणीची गोष्ट पोलादपूरच्या बाजारात अजून सांगतात, आणि सांगताना लोक हसतात. शेतं वाटून झाली, आंबे-फणस वाटून झाले, पाटा एकाकडे आणि वरवंटा दुसऱ्याकडे गेला. शेवटी पंचांनी विचारलं, गाडीचं काय करायचं? विका म्हणाले तसे बाबा बैठकीतून उठून गेले. हैबती म्हणाला, इंजिन मी बांधून घेतलंय, इंजिन माझं. चांगू म्हणाला, मग बाकीची माझी. ठकूला वाटलं होतं, आता कुणीतरी हसेल आणि सगळं मिटेल. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि कोंबडीचं पोट साफ करावं तसं त्याने इंजिन बाहेर काढलं. लेकीने हक्कसोडीवर सही केलेलीच होती. पण आई गप्प बसली नाही. तिने मागची सीट उपटून ठकूच्या टेंपोत टाकायला लावली. "ही तुझी वाटणी गो. पोरीला एवढंच."

ती सीट ठकूच्या ओटीवर राहिली. तिचा नवरा जाईपर्यंत त्या सीटवरच बसून पेपर वाचायचा. आज ती टेंपोतून परत आली होती आणि अंगणात उन्हात पडली होती.

"सीट लावून घे," ती चांगूला म्हणाली. "मी येते जाऊन."

"कुठं?"

"आवाज येतोय तिकडं."

*

नदीला पाणी घोट्याएवढंच उरलं होतं. झावळ्यांच्या मांडवाखाली लोखंडी घोडीवर इंजिन चढवलेलं, त्याच्या पट्ट्यावर पंप. पलीकडे कलिंगडाचे वेल पसरलेले, आणि वेलांत उकिडवा बसलेला हैबती. थोरली भावजय पारू पाट वळवत होती.

"काय ठके, वाट चुकलीस?" हैबतीने वर न बघताच विचारलं.

"वाट कशाला चुकेन? आवाजावर आले. बाबांचं इंजिन लांबून वळखतं."

"माझं इंजिन."

"तुझं तर तुझं. आवाज बाबांचाच हाय."

पारूने कमरेचा पदर सोडून तोंड पुसलं. "नणंदबाय, चा देते म्हटलं असतं, पण हितं चूल नाय. घरी चला." म्हणजे जे मागायला आलात ते इथे मागू नका.

ठकूने इथेच मागितलं. आडवळणाने बोलायला तिला कधी जमलंच नव्हतं. बाबा जेवत नाहीत, बाबांना आईला आणायला जायचंय, दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. "एका फेरीपुरतं दे. शिवथरला जाऊन येतो, परत आणून बसवतो."

"आई तिथं हाय काय?"

"नाय. पण गाडीत तरी बसतील. त्यांना एकदा जाऊन बघू दे. मग जेवतील."

"आणि हे?" हैबतीने वेलांकडे हात केला. "फळ धरलंय आत्ता. दोन पाणी चुकली तर वेल पांघरूण घेऊन झोपतील."

"नाय द्यायचं," पारू मध्येच म्हणाली. "सांगते तुमाला. वरवंटा द्या म्हणून एकदा मागून नेला त्यांनी, लग्नाच्या हळदीला. कुठं हाय तो? लग्न झालं, बारसं झालं, वरवंटा तिकडंच."

"पारू, वरवंट्याचं काय घेऊन बसलीस!"

"मग कशाचं घेऊन बसू? सासरे त्यांच्याकडं, फणस त्यांच्याकडं, गाडी त्यांच्याकडं. आमच्याकडं एक इंजिन, तेवढं पण त्यांच्या डोळ्यांत."

हैबती उठला. हातांची माती झाडत तो ठकूच्या समोर आला. साठीला टेकलेला माणूस, पण रागावला की खालचा ओठ पुढे यायचा, लहानपणी यायचा तसाच. "बाबांनी मला एकदा तरी हाक मारली काय गो? एकदा? मी रोज गडग्याशी उभा राहतो. खाट दिसते तिथून. ते बघतात माझ्याकडं, आणि मान फिरवतात."

"ते कुणालाच हाक मारत नाय आता. चांगूला डायवर म्हणतात. मला म्हणतात, बाय, तू कुणाची? आईला तेवढं वळखतात, आणि ती नाय."

हैबतीने पायाखालचा एक वेल बाजूला सारला.

ठकूला तिथेच थांबता आलं असतं. शहाण्या बायका थांबतात. पण गेली पाच वर्षं या घरात सगळेच शहाण्यासारखे गप्प होते, आणि त्या शहाणपणाने बाप उपाशी पडला होता.

"दादा, आईच्या छातीत दुखलं त्या दिवशी इंजिन नदीवर होतं आणि गाडी अंगणात होती."

पारूच्या हातातलं फावडं थांबलं.

"अॅम्ब्युलन्स येईस्तोवर," ठकू म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. पुढचं सगळ्यांना माहीत होतं.

हैबती वळला, मांडवाखाली गेला आणि त्याने इंजिन बंद केलं. इतक्या वेळच्या धडधडीनंतर नदीचं ते घोट्याएवढं पाणी एकदम ऐकू यायला लागलं. तो घोडीला टेकून पाठमोरा उभा राहिला.

"त्या दिवशी मी हिकडं पळत आलो होतो," तो म्हणाला. "पारूला पण नाय ठाऊक. घरात कोण आजारी पडलं की गाडी चालू करायची, एवढंच डोक्यात. लहानपणापासनं तेच बघितलेलं. येऊन हँडल मारलं. पहिल्या झटक्याला चालू झालं, ठके. पहिल्या झटक्याला. आणि मी हितं उभा. चालू इंजिन घेऊन. पंपातनं पाणी पडायला लागलं."

ठकूने खाली बघितलं. मग हळू म्हणाली, "आणि त्या वक्ताला चांगूने अंगणातल्या जीपमध्ये गोधडी घातली होती. आईला उचलून आत ठेवली त्याने. निशिगंधाने सांगितलं मला. स्टेरिंगवर बसला होता म्हणे."

बगळा उडाला, परत त्याच दगडावर येऊन बसला.

मग पारू म्हणाली, आणि तिचा आवाज मघाचा नव्हता, "घागरी हायत घरात. वेलांना घागरीने घालू पाणी. न्या तुम्ही."

"तू गप," हैबती म्हणाला.

"मी कशाला गप? मघा बोलत होते तवा चाललं होतं तुमाला."

हैबतीने पट्टा काढून खुंटीला अडकवला. "एका फेरीपुरतं," तो ठकूकडे न बघता म्हणाला. "फेरी झाली की परत नदीवर पायजे. आणि बसवताना मी तिथं असणार. त्याला सांग, त्याला ते इंजिन कळत नाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून इंजिन गडग्याच्या या अंगाला आलं. आईच्या तेराव्यानंतर हैबती पहिल्यांदाच या अंगणात पाय ठेवत होता. निशिगंधाने त्याला बसायला खुर्ची दिली, तो बसला नाही, त्याने खुर्चीवर हत्यारांची पिशवी ठेवली.

फणसाच्या जाड फांदीला साखळी-कप्पी बांधून इंजिन उचललं. एका साखळीला एक भाऊ, दुसऱ्या बाजूने इंजिनाला धरून दुसरा. एकमेकांशी बोलायचं नाही, हे दोघांनी न ठरवताच पाळलेलं. मग मध्ये ठकू होती.

"ठके, त्याला सांग, थोडं मागं घे."

"चांगू, मागं घे."

"आक्का, त्याला सांग, मागं घेतलं तर गिअरबॉक्स बसायचा नाय."

"दादा, बसायचा नाय म्हणतो."

"सांग त्याला, हे इंजिन मी दोनदा उतरवलंय."

"आक्का, त्याला सांग, गिअरबॉक्स मी चारदा."

"मेल्यांनो," ठकू म्हणाली, "मी काय पोस्ट हाय काय? तिकीट तरी लावा."

खाटेवरून भागोजी हे सगळं बघत होते. त्यांना काय कळत होतं, देव जाणे. पण इंजिन साखळीला लटकून झुलायला लागलं तेव्हा त्यांचा डावा हात वर आला आणि कुणाला तरी "सावकाश" म्हणून खुणावत हवेत हलला.

दुपारी पारू गडगा ओलांडून आली. टोपलीत भाकऱ्या होत्या आणि भाकऱ्यांवर सुकटीची चटणी. निशिगंधाने तिच्यापुढे वरवंटा आणून ठेवला. पारूने तो उचलून पाहिला, जणू झिजला तर नाही ना, आणि म्हणाली, "नेते जाताना. जड हाय." नेला मात्र नाही. दोघी चुलीशी बसून भाकऱ्या वाढायला लागल्या. ठकूने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. काही गोष्टींकडे बघितलं की त्या लाजून माघारी जातात.

इंजिन बसलं. पण चालू होईना. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. चांगू नट ढिले करून हवा काढत राहिला, हैबती शेजारी उभा राहून दात आवळत राहिला. शेवटी त्याने चांगूच्या हातातून पाना घेतला, दुसराच एक नट ढिला केला, तिथून फुसफुसत बुडबुडे आले आणि मग स्वच्छ डिझेल. चांगूने स्टार्टर मारला.

धड. धड धड. काळ्या धुराचा लोट फणसात घुसला आणि पानांवरचे मुंगळे खाली पडले. ती धडधड आता नदीवरून येत नव्हती, अंगणातून येत होती. निशिगंधाने हात जोडले. हैबती मागे सरला आणि दुसरीकडे तोंड करून त्याने डोळ्यात गेलेला धूर बराच वेळ काढला.

*

भागोजींना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली. चांगूने सीट बाहेर वळवून ठेवली. या घटकेसाठी त्याने ते दार कितीदा उघडून मिटून पाहिलं होतं, ते फक्त निशिगंधाला ठाऊक होतं. दोघा भावांनी बापाला घरातल्या खुर्चीत बसवून, उचलून अंगणात आणलं.

भागोजींनी जीपकडे पाहिलं. रुंद दाराकडे, उंच टपाकडे, सायीसारख्या रंगाकडे. न्हाव्याच्या खुर्चीकडे जरा जास्त वेळ.

"ही माझी नाय," ते म्हणाले.

"बाबा, आपलीच हाय," चांगू खाली बसला. "तुमच्यासाठीच दार मोठं केलं. बघा, ही पायरी—"

"माझी हिरवी हाय. माझ्या गाडीला दाराला तारेची कडी हाय. ही कुणाची?" आणि मान फिरवली. "लोकाच्या गाडीत ती बसायची नाय. माझी काढा."

चांगू तसाच बसून राहिला. त्याचा हात पायरीवर होता. ठकूला त्याच्याकडे बघवेना. बापासाठी म्हणून त्याने जेवढं जेवढं बदललं होतं, तेवढं तेवढं बापाने ओळखलं नव्हतं. इंजिन मागे धडधडत होतं, फुकट.

तेव्हा हैबती पुढे आला. गेल्या कित्येक वर्षांत तो बापाशी समोरासमोर बोलला नव्हता.

"बाबा, आपली गाडी रिपेरीला हाय पोलादपूरला," तो म्हणाला. "ही लोकाचीच हाय. पण आईचा निरोप हाय."

भागोजींनी मान वळवली. "कुणाचा?"

"आईचा. मला बाजारात भेटली, महाडला. म्हणाली, आपली गाडी नसंल तर दुसऱ्याची घेऊन या म्हणावं. पण या."

हैबतीला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. त्यापायी तर अर्धी भांडणं झाली होती. पण आत्ता तो सरळ बापाच्या डोळ्यांत बघून बोलत होता.

"अशी म्हणाली?"

"होय."

"लोकाच्या गाडीत बसते म्हणाली?"

"होय, बाबा."

भागोजी विचारात पडले. मग हलकेच म्हणाले, "मग थकली असंल ती."

त्यांनी डावा हात पुढे केला. चांगूने तो धरून त्यांना सीटवर घेतलं, कळ दाबली, सीट आत फिरली. सगळं त्याने योजलं होतं तसंच झालं, कुठे घासलं नाही, कुठे अडलं नाही. चांगू स्टेरिंगवर बसला तेव्हा बापाने त्याला विचारलं, "डायवर, कुणाची रे गाडी?"

चांगूने समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. "एका गिऱ्हाइकाची हाय," तो म्हणाला.

"मग जपून चालव. लोकाची वस्तू."

"होय."

हैबती आणि ठकू मागे बसले, ठकूच्या वाटणीच्या सीटवर. निशिगंधाने ताकभाताचा डबा ठकूच्या मांडीवर दिला. गाडी हायवेला लागली. बिरवाडीच्या फाट्याला वळल्यावर भागोजींनी टोपी सारखी केली.

मामांचं घर शिवथरच्या खोऱ्यात, रस्त्याच्या वरच्या अंगाला. मामा गेले, मामी गेली, पोरं मुंबईत, दाराला कुलूप. ठकूचं घर तिथून हाकेवर, पण तीही या कुलपाकडे फारशी बघायची नाही. अंगणात कुड्याची झुडपं माजली होती. डोंगरात ऊन लवकर विझतं, तसं ते विझत आलं होतं.

"वळणावर थांबव," भागोजी म्हणाले. "भोंगा वाजव."

चांगूने वाजवला. नवा भोंगा, बारीक किरट्या आवाजाचा. डोंगराने तोही परत पाठवला.

कुणी आलं नाही. कोण येणार? ठकूने डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आता बाबा विचारतील, आणि आता काय सांगायचं याचा कुणीच विचार केला नव्हता. आणलं खरं सगळ्यांनी मिळून, पण आणून पोचवायचं कुठे?

"परत वाजव."

परत वाजवला. बंद दाराशी एक सरडा हलला.

भागोजी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असलीच तर जुन्या ओळखीच्या अडचणीची खूण होती.

"बरोबर हाय," ते अखेर म्हणाले. "हा भोंगा ती कशी वळखंल? आणि पयल्या दिवशी ती येत नायच कधी." मग मागे न वळताच, "बाय, त्या डब्यात काय हाय?"

ठकू धडपडत खाली उतरली. तिने दार उघडलं, कळ दाबून सीट बाहेर फिरवली आणि बापाच्या पायाशी रस्त्यावरच बसली. ताकभाताचा पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. अर्धा हनुवटीवरून ओघळला. दुसरा गिळला. तिसऱ्याला त्यांनीच तोंड उघडलं.

"आपली रिपेर झाली की येऊ," ते घास चावत म्हणाले. "हिरवी बघितली की येईल ती."

"येऊ, बाबा," ठकू म्हणाली. तिला पुढचे सगळे दिवस एकदम दिसले, एकामागे एक, सगळ्यांच्या टोकाला हे कुलूप. तिने पदराने बापाची हनुवटी पुसली.

हैबती आणि चांगू बॉनेटशी उभे होते, दोघांच्या मध्ये गरम इंजिन. नदीवरच्या घोडीचं, एका फेरीच्या बोलीचं कुणी नाव काढलं नाही.

"हिरवा रंग मिळंल का रे बिरवाडीला?" हैबतीने विचारलं.

ठकूने सवयीने तोंड उघडलं, "चांगू, दादा विचारतो—" आणि तिथेच थांबली. हैबती तिच्याकडे बघतच नव्हता.

"मिळंल," चांगू म्हणाला. त्याने सायीसारख्या पत्र्यावरून एकदा तळवा फिरवला. "पण आधी हा सगळा घासून काढायला लागंल."

"मग घासू," हैबती म्हणाला.